पाऊण घटका

पिट्सबर्गला, डिसेंबरातल्या दुसऱ्या शुक्रवारी,
एकतिसाव्या मजल्यावर
व्हर्ना ह्लावाटी बोनसची यादी उघडते.
सगळे घरी गेल्यावर.
दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा
तर आधी दार लोटून घ्यावं, ही तिची रीत.

इथे तासाच्या होतात दहा ठिकऱ्या.
सहा मिनिटांची एक,
आणि प्रत्येक ठिकरीवर कुठल्या ना कुठल्या अशिलाचं नाव.
फोन घेतला, एक.
पत्र वाचलं, दोन.
खिडकीतून नदीवरचा बर्फ पाहिला,
त्याला रकाना नाही.

पगार वाढतो वयासारखा, न सांगता:
पहिल्या वर्षाचे वकील सगळे एका आकड्याचे,
दुसऱ्या वर्षाचे सगळे पुढच्या.
माणूस ओळखावा तो बोनसमध्ये,
असं भागीदार होल्कम दरवर्षी जेवणात म्हणतात
आणि दरवर्षी टाळ्या पडतात.

एकोणीसशे पन्नास तास भरले तर अठरा हजार डॉलर.
नाही भरले तर आभाराचं पत्र,
छान जाड कागदावर.

व्हर्ना बोट ठेवत खाली येते.
व्हिटलॉक: दोन हजार दोनशे अकरा.
(याने एका रविवारी सव्वीस तास काम लिहिलं होतं.
विचारलं तर म्हणाला, विमानात होतो,
पश्चिमेकडे जात होतो, दिवस लांबला.
वकीलच तो. मान्य झालं.)
लिंडक्विस्ट: दोन हजार चाळीस, आणि एक घटस्फोट,
तो दुसऱ्या फर्मने हाताळला.
ऑड्रा मॅकनर्नी: एकोणीसशे एकोणपन्नास पूर्णांक सात.

व्हर्ना चष्मा पुसते.
आकडा तोच.

तीन ठिकऱ्या. अठरा मिनिटं.
आपल्या जुन्या मापात पाऊण घटका:
बुडाला भोक असलेली वाटी पाण्यावर सोडली
की ती पाऊण भरेपर्यंतचा वेळ.
अठरा मिनिटांना अठरा हजार.
इतका सोपा हिशेब
तीस वर्षांत तिच्या टेबलावर आला नव्हता.

यंत्र पुसलेलंही जपून ठेवतं.
चौदा मार्च, रात्री एक वाजून दहा मिनिटं:
करार तपासला, कलम सात ते नऊ, शून्य पूर्णांक तीन.
दुसऱ्या दिवशी सकाळी खोडलेलं. तिनेच.
आणि कारणाच्या रकान्यात,
जिथे आजवर कुणी पूर्णविरामही दिला नाही,
तीन शब्द:
झोप लागली होती.

शेजारी एक करडं बटण: परत आणा.

व्हर्नाला माहीत आहे, ऑड्राचा पगार दोन खात्यांत जातो,
दुसरं खातं जॉन्सटाउनच्या बँकेत,
कुणा थोरल्या मॅकनर्नीबाईंचं.
पगारखात्यात असं पुष्कळ माहीत असतं.
ते बोलायचं नसतं.
बटणावर बाण नेऊन ती बसून राहते.
खाली पुलावरून मिठाची गाडी जाते,
परत येते.
शेवटी ती यादी आहे तशीच बंद करते
आणि स्वतःवरच चिडून कोट घालते,
बाही चुकते, पुन्हा घालते.
बरोबर केलं की भ्यालो, हे तिला
घरी पोचेपर्यंत ठरवता येत नाही.
घरी पोचल्यावरही.

सोमवारी पत्रं वाटली जातात.
व्हर्नाला नेहमीप्रमाणे एक हॅम,
आणि किराणा दुकानाचं पन्नास डॉलरचं कार्ड.
लिफ्टपाशी ऑड्रा भेटते.
जाड कागद चार घड्या घालून कोटाच्या खिशात,
घड्या नीट बसलेल्या नाहीत, कोपरा वर आला आहे.

हॅम किती वेळ भाजता तुम्ही, ती विचारते.

झाकून, मंद आचेवर, व्हर्ना म्हणते,
पाउंडाला अठरा मिनिटं.
आणि जीभ चावते.

ऑड्रा दिव्यांकडे बघत असते,
सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस.

आणि मध्येच झोप लागली तर?