पायथ्याशी

माझी जागा पायथ्याशी.
स्ट्रेचरच्या चाकांपासून एक फरशी मागे,
हात ॲप्रनच्या खिशात.
अठरा वर्षं टाके घातलेल्या हातांना
आता एकच काम : खिशात राहायचं.

कात्रज बायपासवरून, आठ चाळीस.
अनोळखी, पुरुष, तिशीचा असावा,
एकाच पायात बूट.
"डोक्याशी कोण?" "मी," डॉ. तांबोळी.
"छाती?" "निनाद."
"वेळ कोण लिहितंय?"
कोणीच नाही.
वॉर्डबॉय ढमढेरेंनी घड्याळ पाहिलं, मार्कर उचलला.

मी आवाज चढवत नाही.
भरत आलेल्या कळशीचा सूर बदलतो,
तो ऐकू यावा
इतपत शांतता मला पुरते.

"रक्त, दोन पिशव्या."
"रक्त, दोन पिशव्या," सिस्टर भिंगारदिवे.
सांगितलेलं परत ऐकू आलं
की पोचलं म्हणायचं.
घरी असं कोणी परत म्हणत नाही.

निनादची बोटं बरगड्यांवर अडखळतात.
चौथी की पाचवी, मोजतोय.
मला इथून दिसतंय : बोटभर वर हवं.
खिशात गाडीची किल्ली आहे, ती आवळते.
बोलू? थांबू?
तेवढ्यात मागची इंटर्न,
"मॅडम, हवा डावीकडे जात नाहीये.
आपण उजवीकडे आहोत."

मी बोटभर चूक पाहत होते,
ती अख्ख्या छातीएवढी होती.
समोरच्याची डावी ती आपली उजवी,
शाळेच्या कवायतीत शिकलेलं.
"बरोबर. डावीकडे. परत सांग."
ती परत सांगते, थरथरत,
निनाद वळसा घालून पलीकडे जातो,
आणि हवा सुटते
सायकलच्या ट्यूबमधून सुटावी तशी.

सत्तर. अठ्ठ्याहत्तर. ब्याण्णव.
प्लास्टिकच्या पिशवीत त्याचा फोन वाजतो,
पडद्यावर : इस्त्रीवाले काका.
वाजून वाजून थांबतो.

नऊ सतरा. ऑपरेशनला, वर.
लिफ्ट मिटते. पुढचं आता वरच्यांचं.
फरशीवर कापलेली जीन्स, तो बूट,
ढमढेरेंच्या हातात अजून मार्कर.
तळव्यावर किल्लीचे दात उमटलेत.
"नाव काय तुझं?"
"आश्लेषा कुंभोजकर."
आधी विचारायला हवं होतं.

फोन पुन्हा वाजला तेव्हा मी उचलला.
"काका, कोणाचे कपडे आहेत?"
"लोहोकरे साहेबांचे, धनकवडीच्या.
सहा शर्ट झालेत म्हणावं.
उद्या न्या. सातनंतर."

"सहा शर्ट," मी म्हटलं.
"उद्या. सातनंतर."