पाठ दाराकडे

हरेश, आधी खिडकी शोध.
नाही सापडणार. बीकेसीत अकराव्या मजल्यावर
सगळी काच असते आणि उघडत काहीच नाही.
खाली खाडी आहे, तिचा वासही वर येत नाही.
एसी साडेआठला बंद. बिल वाचतं त्यांचं.
मग रात्रभर आहे तीच हवा पुरवून वापरायची.
म्हणून जिन्याचं ते जड लोखंडी दार,
त्याला बादली लावून ठेव.
वॉचमन ओरडेल, आगीचं दार आहे म्हणेल.
तो बरोबर आहे. आपणही बरोबर आहोत.
अशा वेळी बादली लावावी.

वायर खांद्यावरून मागे टाकायची,
ब्रशच्या पुढे कधीच येता कामा नये.
हात पँटीला पुसू नकोस, पँटही ओलीच असते.
कोरडं फडकं डाव्या खिशात. डाव्याच.
लवू उजव्यात ठेवायचा,
आणि उजवा हात आधीच हँडलवर होता.
ते चहाला सांगेन. आत्ता नको.

ह्या कॅनवर बारीक इंग्रजीत काय काय छापलंय.
मुलीने एकदा वाचून दाखवलं, जेवता जेवता.
अर्ध्यावर म्हटलं, पुरे, भात निवतोय.
तेवढ्यावरून सांगते :
आधी पाणी, मग औषध. चाळीस मापांत एक माप.
(औषधच म्हणतो आम्ही. कशावरचं, ते विचारू नये.)
उलटं ओतलंस तर तोंडावर उडतं.
आणि संडासातलं ब्लीच ह्यात मिसळायचं नाही,
केबिनमधला वाइनचा डाग कितीही हट्टी असो.
राहिला तर राहू दे. कार्पेट लाखाचं असेल,
छातीचा भाव मी अजून विचारलेला नाही.

मोजे. कंपनी एकाच मापाचे पाठवते, भले मोठे,
कुठल्या पुरुषाच्या हाताचे, देव जाणे.
मनगटाला रबर लावायचं, मेथीच्या जुडीचं.
मी सहा वर्षं लावलं नाही.
हा अंगठा बघ. मोबाइलची बॅटरी मार.
दिसते रेघ? एखादा भोवरा?
झिजली वडी झालीय साबणाची.
गेटवरचं हजेरीचं यंत्र मला ओळखत नाही.
पुन्हा ठेवा म्हणतं. पुसून ठेवा म्हणतं.
पुसूनच तर इथवर आले, बाबा.
भारतनगरचा रेशनवालाही दोनदा परत पाठवतो,
तिसऱ्यांदा शेजारणीच्या साक्षीने तांदूळ मोजतो.
गेल्या महिन्यात चार रात्री गैरहजर लागल्या मला.
चारही रात्री मी इथेच होते,
ह्याच खुर्च्या उचलून टेबलांवर पालथ्या घालत.

भोईटे सुपरवायझर माणूस वाईट नाही.
तीन वाजता वही आणतो.
मोजे दिले : होय. मास्क दिला : होय.
अपघात : निरंक.
सही येणारी मी एकटी, म्हणून प्रत्येक पानावर मी.
लवूच्या रात्रीच्या पानावरही मीच.
निरंक.
तेव्हा अर्थ माहीत नव्हता.
शब्द आवडला होता,
एखाद्या मुलीचं नाव ठेवावं असा.

ऊठ. आता पाणी खेचायचं.
गुडघ्याखाली ती कापलेली चप्पल घे.
सुरुवात पार त्या कोपऱ्यातून,
आणि पाठ दाराकडे ठेवून मागे मागे यायचं,
म्हणजे सकाळी कार्पेटवर
आपलं एकही पाऊल नसतं.
काम म्हणतात ते हेच.
लोकांना शिकायला महिना लागतो,
मला विसरायला किती लागेल, बघतेय.

आज मोज्यांसमोर मी 'नाही' लिहिणार आहे.
मागची पानं ओल लागून चिकटलीत,
लवूचं पान सोडवून घेऊ, फाटलं तर फाटलं.
तू बाजूला उभा राहा.
साक्षीला कुणीतरी लागेल
आणि तुझा अंगठा अजून उमटतो.

बादली सरकली बघ.
धर, दार लागतंय.