मालकाचा रकाना

तासगावात, स्टँडमागच्या सेवा केंद्रात
पोरानं विचारलं, "मावशी, मालकाचं नाव?"
म्हटलं, "दस्तगीर नदाफ. वारले, तीन वर्षं झाली."
त्यानं मान वर केली नाही.
"तसला मालक नव्हं.
पगार कोण देतं?"

पगार.
मी केसांतला कापूस काढत उभी.
लगीनसराईत चार गाद्या जातात,
श्रावणात एक उशी.
बाकीचे फोमच्या दुकानात.

"मग 'स्वतः' लिहितो," तो म्हणाला,
आणि बटण दाबलं.
एवढ्यानं मी मालकीण झाले,
आणि गडीपण.

"कंपनीत असता तर मालकानं त्याचा हिस्सा घातला असता."
"आणि माझ्यात?"
"तुम्हीच की. दोन्हीकडनं."

आता पाच तारखेला
पिंजायचं यंत्र थांबलं की
मालकीण गल्ला उपडा करते,
गडी समोर पोत्यावर बसून राहते.
"लाइट बिल आलंय," मालकीण म्हणते,
"कापूस काय भावानं आणलाय बघतीस न्हवं?
पुढच्या महिन्यात दोन हप्ते एकदम टाकू."
गडी भांडत नाही.
घरची परिस्थिती तिला ठाऊक आहे.

जून राहिला. जुलै राहिला.
बँकेचा मेसेज आला, तो दोघींनी वाचला
आणि एकीनंच फोन पालथा ठेवला.

काल दुपारी मात्र
तिनं तळाचा कापूस गोळा केला,
मालकिणीला न विचारता,
आणि एक गादी भरायला घेतली.
गिऱ्हाईक नाही, माप नाही,
वहीत नोंद नाही.

"कुणाची गं?" मी विचारलं.
तिनं दातानं दोरा तोडला.