तारकर्लीकेंद्र

घटक चाचणीत हर्षाली टिकमने
तारककेंद्राऐवजी लिहिलं : तारकर्लीकेंद्र.
मी लाल रेघ मारली, अर्धा गुण कापला
आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं.

रविवारी देवबागेकडे निघालो,
तर वाटेत रापण ओढणं चाललेलं.
पाण्यात अर्धगोल जाळं, वाळूवर दोन दोर,
दोन्हींवर माणसं, टाचा रुतवून, पाठी मागे टाकून.
दक्षिणेच्या दोरावर ती.
दप्तराशिवाय ओळखायला वेळ लागला.

म्हणाली, सर, धरा.
धरला.
अकरा वर्षं फळ्यावर जे काढत आलो
ते तळहाताला कळलं :
पेशीच्या दोन टोकांना दोन जोड्या,
तिथून सुटलेले तंतू,
मधोमध रांगेत खोळंबलेली गुणसूत्रं,
आणि दोन्हीकडून ताण.
एका बाजूने ढिलाई झाली
की एका घरात जास्त, एका घरात कमी,
आणि मग जन्मभर निस्तरायचं.

"पण सर, ह्या उलटा आसा.
हय दोनय टोका लागी येतत.
तुमच्या चित्रात लांब जातत."

खरंच. समोरची माणसं
दर ओढीला दोन पावलं आमच्याकडे सरकत होती.

"आणि माडात ती नसतत म्हणालास.
मगे माडात वडता कोण?"
तंतू असतात, म्हटलं. टोकाला कोणी नसतं.
"म्हणजे जाळा आपणच चलता?"
मी घाम पुसला.
घाम होताच, बरं झालं.

एक गोष्ट सांगायची राहिली, मुद्दाम राहू दिली :
अंड्याचं स्वतःचं तारककेंद्र आधीच विरून गेलेलं असतं.
पहिल्या वाटणीसाठी ते येतं
बापाच्या शुक्रपेशीबरोबर.
तेवढं देऊन बाप मोकळा.

जाळं आलं. तारली, थोडे बांगडे,
एक निळसर खेकडा, जो कुणीच मोजला नाही.
वाळूवर वाटे पडले.
हर्षालीने दोन उचलले :
"एक माझो. एक बाबांचो,
ते वेरावळाक ट्रॉलरवर आसत. शिमग्याक येतले."

दोर गुंडाळताना पाहिलं :
तिच्या हातातलं टोक काथ्याचं, काळवंडलेलं, बापाच्या वेळचं.
त्याला पिळून जोडलेलं
हिरवं, करकरीत नायलॉन.
एक जुनं, एक नवं,
दर पेशीच्या वाट्याला येतं तसंच.

मलाही वाटा दिला. चार तारल्या.
दोर धरलेल्याला द्यावाच लागतो, म्हणाले.
पिशवी नव्हती.
खिशात पेपरांची यादी होती,
तीत गुंडाळल्या.