वाडीबंदर स्पोर्टिंग

आमच्या क्लबाचा रंग कुठला, असं कोणी विचारलं
तर मी सांगते, धुतलेला.
मुळात गर्द किरमिजी होता म्हणतात.
मी पाहिला तेव्हाच
कोकमच्या सरबतात पाणी जास्त पडावं तसा झालेला.

अण्णा गोदीत टॅली क्लार्क.
मुलगा होईपर्यंत कुणाला तरी न्यायचं
म्हणून मला न्यायचे कूपरेजला.
मग भाऊ झाला, त्याला क्रिकेट आवडलं,
आणि माझी जागा पक्की झाली.

पायरीवर वर्तमानपत्राचं पान अंथरून
मला बसवायचे, स्वतः उभे.
"चेंडूकडे बघू नकोस," म्हणायचे,
"चेंडू सगळेच बघतात.
ज्याच्याकडे चेंडू नाही, तो काय करतोय ते बघ."
पंचावन्न वर्षं मी तेच करत आलेय:
टेलिफोन खात्यात,
स्वतःच्या लग्नात,
आणि परवा सुनेच्या माहेरी, बारशाला.

सामना साडेतीनचा असतो
पण सुख सकाळीच सुरू होतं.
सोड्यांची खिचडी, वर कच्चा कांदा.
बारा वाजता आडवं व्हायचं, झोपायचं नाही,
पंख्याखाली नुसते अकरा जण लावत बसायचे.
डावीकडे झुबेर. मध्ये तो आयझॉलचा पोरगा,
ज्याचं नाव मी अजून घोकतेय.
गोलात बोनिफास,
ज्याचा बापही आमच्याच गोलात उभा राहायचा
आणि हेच गोल खायचा, दोन पायांच्या मधून.

मुलगा रात्री दीड-दोनला परदेशातले सामने बघतो,
साडेचार हजारांची जर्सी घालून, घरात.
"आई, तुझी टीम कधी जिंकते का गं?"
जिंकते की.
शहाऐंशीत जिंकली होती.
नंतरही एकदा, समोरची टीम आली नव्हती तेव्हा.

माझ्या शेजारी सत्तार परकार बसतात,
एकतीस वर्षं.
त्यांच्या बायकोचं नाव मला माहीत नाही.
त्यांचा कुठला गुडघा पावसाळ्यात धरतो ते माहीत आहे,
आणि कुठल्या पेनल्टीचा विषय काढायचा नाही, तेही.
ते थर्मासमधून आल्याचा चहा आणतात,
मी खारे दाणे. सालं आम्ही खिशात टाकतो,
घरी धुणं काढताना सापडतात.

गेल्या मोसमात तीन शनिवार ते आले नाहीत.
फोन नंबर कधी घेतलाच नव्हता. कशाला घ्यायचा?
मी त्यांच्या जागेवर पिशवी ठेवली.
कोणी विचारलं तर म्हणायची, येतायत.
चहा विकत घेऊन प्यायले, त्यात आलं नव्हतं.

चौथ्या शनिवारी, दुसरा हाफ सुरू झाल्यावर,
काठी आधी आली, मग ते.
पिशवी उचलून माझ्या मांडीवर दिली, बसले.
"किती?"
"दोन-शून्य."
"आपले?"
मी त्यांच्याकडे बघितलं.
मग जे हसायला लागलो आम्ही,
लाइन्समन वळून बघायला लागला,
आणि तेवढ्यात तिसरा गोल झाला
तो दोघांनीही पाहिला नाही.

सामना संपला की लगेच उठायचं नाही.
माळी जाळी सोडवतो, हूकमधून हूक,
ती खाली पडते मच्छरदाणीसारखी.
बोनिफास ग्लोव्ह्ज काढून गवतावर पाय पसरतो.
बोटांवर मीठ असतं, ते चाटायचं.
कोणी काही बोलत नाही. सांगण्यासारखं नसतंच.
मी साठीनंतर शिकले की याला विश्रांती म्हणतात;
इतकी वर्षं वाटायचं, पराभव.

सोमवारी पेपरात शेवटच्या पानावर, तळाला,
शब्दकोड्याच्या खाली दीड ओळ येते.
या वेळी छापलंय: वडीबंदर स्पोर्टिंग पराभूत.
मी पेन घेते, काना देते.
मग शब्दकोडं सोडवते. आडवा सहावा अडतो.
पुढचा सामना अडीचला आहे,
म्हणजे खिचडी साडेदहाला टाकावी लागणार,
आणि सोडे संपलेत.