पूर्ववत

करारात शब्द होता : पूर्ववत.
"लिहून देणार यांनी रस्ता पूर्ववत करून द्यावा."
स्टॅम्प पेपर पाचशेचा, अक्षर माझं,
कारण चरखी गल्लीत खाडाखोड न करता लिहिणारा मीच,
जन्मभर इतवारीच्या पेढीवर बिलं खरडलेली.

बसलो होतो निमजेंच्या चक्कीवर.
मे महिन्याची दुपार, लाइट गेलेली,
घामावर पीठ बसून
सगळेच एका वयाचे दिसत होते.

बिल्डर प्रफुल्ल बारापात्रे. परका नव्हे,
दोन गल्ल्या सोडून त्याच्या बापाचा माग.
बाप जसा लुगड्याचा भाव करायचा
तसाच हाही : आधी गप्प, मग हसून,
मग उठून जायचं सोंग.

"माह्या बिल्डिंगीपुढचा चाळीस फूट करून देतो ना जी.
बाकीचं महानगरपालिकेले सांगा."

"अन् टिप्पर का हेलिकॉप्टरनं उतरले होते, त्या चाळीस फुटात?"
ही देवका हेडाऊ, अंगणवाडीत मदतनीस.
तिनं वहीच काढली. चौदा महिने, टिप्पर सहाशे अकरा,
रात्रीचे वेगळे, लाल शाईनं.
गडरलाइन फुटली ती तारीख.
नळाच्या पाण्याला वास आला ती तारीख.
नातवाला सलाईन लागलं ती.
बारापात्रेनं वही दोनदा चाळली.
"लिहा," म्हणाला, "पूर्ण तीनशे दहा फूट."

मग अडलं शब्दावर.
पूर्ववत, म्हणजे कोणत्या पूर्वी?
टिप्परांच्या आधी? खड्डे तेव्हाही होते.
सिमेंटच्या आधी? डांबराच्या?
निमजे म्हणाले, काळी फरशी होती, पाय भाजायचे.
कायची फरशी, मुरूम होता मुरूम,
पहाटे या टोकापासून त्या टोकापर्यंत
ताणा पसरून पांजणी चालायची
अन् सायकलवाला उतरून, वाकून, सुताखालून जायचा.
बारापात्रेही मान हलवत होता.
आपण कोणत्या बाजूला बसलोय
हे क्षणभर विसरला असावा.

नंतरचा प्रत्येक रस्ता
आधीच्या रस्त्यावर ओतलेला.
देवकाच्या ओट्याला पाच पायऱ्या होत्या, आता दोन.
घरं जागच्या जागी,
गल्ली वर चढत आली.
म्हणून मी म्हटलं, शब्द खोडा, आकडा लिहा.
आधी खोदा, मग ओता.

किती खोदायचं?

आम्ही म्हटलं बारा इंच. तो म्हणाला सहा.
खाली केबल आहे, नळ आहे, मलबा टाकू कुठं,
इंचाले लाख लागते भाऊ.
पोहे आले, नकाशावर तर्री सांडली,
लाइट आली तशी चक्की सुरू झाली,
सगळे ओरडून बोलू लागले,
लाइट पुन्हा गेली,
आणि पट्टा थांबेपर्यंतच्या घरघरीत
माझ्या तोंडून निघालं : नऊ.

कुणी काही म्हटलं नाही. सगळे उठले.
अनामत आठ लाख, मुदत पंधरा जून.
सह्या अकरा, अंगठे दोन.

गल्लीत सगळ्यात खोल घर पार्वताबाई धकातेचं.
अजून खड्डामाग चालवते,
कमरेखालची जमिनीत, कमरेवरची उजेडात.
त्या दुपारी ती रेशनच्या रांगेत होती.

संध्याकाळी गेलो सांगायला.
नऊवर तुटलं, म्हटलं, तीन सोडावे लागले.

"तीन इंच म्हणजे किती रे?"

मी चार बोटं जुळवून दाखवली.
तिनं धोटा बाजूला ठेवला,
खड्ड्यातला एक पाय वर घेतला,
आणि माझाच हात धरून
ती चार बोटं
आपल्या घोट्याला लावून पाहिली.