मानशीपासून बेचाळिसावा

करमळी मागे पडली की रूळ खाजणात उतरतात.
दोन्ही अंगांना खारं पाणी, मधे मातीचा भराव,
आणि भरावावर, माझ्या हिशेबात,
एक लांबलचक तुळई, तिच्याखाली सहाशे स्प्रिंगा,
दर स्प्रिंगेशेजारी हादरे गिळणारा एक दट्ट्या.
गणिताला जमीन एवढीच लागते:
किती दबते, आणि किती लवकर विसरते.

फर्मागुडीच्या प्रयोगशाळेत, बाहेर काजूची बोंडं आंबत असताना,
मी पडद्यावर गाडी सोडते ताशी तीनशेनं.
इथून असल्या वेगाची गाडी जात नाही.
कधी जाईल ते मला विचारू नका,
मला फक्त विद्यावृत्ती मिळते, तीही उशिरा.
दोनशे तीसपर्यंत सगळं शहाण्यासारखं,
चाकाखाली रूळ वाकतो, चाक गेलं की वर येतो.
मग एका आकड्याला
गाडी मातीतल्या लाटेला गाठते.
लाटेला पुढे पळता येत नाही,
ती चाकाखालीच साचत जाते,
होडीच्या नाळेपुढे पाणी साचावं तशी.
मिनेझिस सर म्हणाले, सुंदर.
चहा संपवून म्हणाले, आता जाऊन मोज.

म्हणून मार्चच्या उन्हात
मी स्लीपरांना मापकं चिकटवत बसले
आणि कुष्टा वेळीप, कीमॅन,
गाडीची चाहूल घेत उभा राहिला.
माझ्या आधी त्याला कळायचं. मापकांच्याही आधी.

एकेचाळीस स्लीपर जुळले.
बेचाळिसावा नाही.
मॉडेल म्हणे सव्वा मिलिमीटर, मापक म्हणे चार.
तार तपासली, मापक बदललं, बॅटरीला शिव्या घातल्या.
तीन गाड्या गेल्या. चारच.

कुष्टानं हातोडीनं एकेचाळिसाव्यावर ठोकलं: टक्क.
बेचाळिसाव्यावर: डब्ब.
"हा टेकलेला नाही, बाय.
रुळाला लोंबतोय. खाली बोटभर वारा आहे."

माझी स्प्रिंग दाबली तर ढकलते,
आणि उचलली तर ओढते,
मीच तिला तसं शिकवलेलं, सुटसुटीत म्हणून.
खडी ओढत नाही.
अंगावर आलेलं पेलते;
वर निघून जाणाऱ्याला धरून ठेवणं
तिच्या स्वभावात नाही.
इतकी साधी गोष्ट चार वर्षांत
माझ्या एकाही समीकरणात आली नव्हती.

"कधीपासून असा?"
"अष्टमीला गँग खडी भरून जाते.
अवसेला मानशीची कुजकी फळी गळते,
पाणी खालून येतं, माती लोणी होते,
की हा परत अधांतरी."

त्यानं डायरी काढली. निळी शाई,
तारीख, स्लीपर, 'ढिला',
आणि कडेला पेन्सिलीनं त्यानंच आखलेला
एक जास्तीचा रकाना: तिथी.
अशा अकरा वर्षांच्या वह्या घरी,
दोन वाळवीनं खाल्लेल्या.

त्या रात्री मी स्प्रिंगेचं ओढणं कापून टाकलं.
मातीच्या ताठरपणाला भरती-ओहोटी जोडली.
चाळीस मिनिटांत सुटणारं गणित
सेकंदाचे दहा हजार तुकडे करत
पहाटेपर्यंत चाललं, पंखा कण्हत होता.
सुंदर लाट मोडली.
अवसेला तोच आकडा उतरला एकशे अठ्ठ्याऐंशीवर.

पुढच्या खेपेला कुष्टानं विचारलं,
"मग? पडली तुझी गाडी?"
"पडली. पडद्यावर."
"रिकामी होती ना?"

नव्हती.
वजन जमावं म्हणून मी आत सातशे माणसं बसवली होती,
प्रत्येकी सत्तर किलो, बिनचेहऱ्याची.
मी काही बोलले नाही. तोही थांबला नाही,
खांद्यावर हातोडी टाकून पुढे निघाला.
त्रेचाळीस, टक्क.
चव्वेचाळीस.